न सांगता बघितलेलं सोपोट

गुणाबाईनं आजवर अकरा पोरींची घरं बघितली होती. भावाच्या पोरी, दिराच्या पोरी, निपाणीला विड्या वळताना मांडीला मांडी लावून बसणाऱ्या बायकांच्या पोरी. तिची रीत ठरलेली. सांगून जायचं नाही. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी दारात उभं राहायचं आणि पाणी मागायचं. देणारीनं आधी तांब्या विसळला आणि मग भरून आणला, तर घर माणसांचं. आणि आपण पिऊन खाली ठेवल्यावर आपल्या डोळ्यांदेखत विसळायला नेला, तर उठायचं, चप्पल घालायची आणि वाटेला लागायचं. गावातलं देऊळ, तळं, मळा, जे काय दाखवायचं असेल ते पसंती झाल्यावर. आधी नाही.

ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. लहानपणी जांबोटीला चहाच्या हॉटेलात तिच्या आईची कपबशी वेगळी असायची, बाहेर वळचणीला. चहा झाला की आईनंच ती धुऊन पालथी घालायची. ते बघून गुणाबाई दुसरीच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकली.

रीत एकदाच मोडली, ती स्वतःच्या लेकीच्या वेळी. सांगून गेली. नवा रंग दिलेलं घर, छताला फिरता पंखा, परसात डाळिंबं. त्यातच डोळे दिपले आणि पाणी मागायचं राहून गेलं. लग्नाच्या सातव्या महिन्यात लेक पिशवी घेऊन दारात आली. ती गोष्ट गुणाबाई कुणापुढं काढत नाही आणि दुसऱ्याला काढू देत नाही.

आता नातीची पाळी होती. पारमिता, तिच्या मुलाची, समाधानची लेक, बेळगावातनं हॉटेलचं शिक्षण घेऊन वर्षापूर्वी पोलंड देशात गेली. समुद्राकाठचं गाव, सोपोट. तिथल्या एका हॉटेलात खोल्यांची व्यवस्था बघते. वर्ष संपत आलं तसं हॉटेलवाले म्हणाले, अजून तीन वर्षं राहा, सोमवारी काय ते सांग. पोरीला राहायचं होतं. समाधान बँकेत शंभर माणसांच्या कागदांवर सही करणारा माणूस, पण लेकीच्या कागदावर त्याचा हात चालेना. "आये, तू म्हणशील तसं," एवढं बोलून तो टीव्हीकडं तोंड करून बसला. आणि पारमिताही म्हणाली, आज्जी नको म्हणाली तर मी येते परत.

म्हणून तिनं आज्जीला खूष करायला गावाचे चाळीस फोटो पाठवले. शेजारच्या शालूबाईनं ते सगळे बघितले आणि गालावर हात ठेवला.

"गुणाक्का, किती देखणं गाव गं. पोरगी नशीबवान."

"घर सारवून, रांगोळी घालून दाखवलं की कुणाचं देखणं दिसत न्हाय, शालू? तुझंसुदिक दिसतंय दिवाळीला."

शालूबाई चहा अर्धा ठेवून गेली. ती गेल्यावर गुणाबाईनं फोन पुन्हा उघडला. एका फोटोवर तिचं बोट सारखं अडत होतं. समुद्रात लांबच्या लांब गेलेला लाकडी रस्ता. त्याचं टोक फोटोत मावलं नव्हतं. टोकाला काय असेल? तिनं दोन बोटांनी फोटो ताणून बघितला, फोन तिरका धरून बघितला. मग स्वतःलाच दटावून फोन पालथा घातला.

शनिवार आला. बेळगावचा बाजाराचा दिवस. दुपारी अडीचला गुणाबाईनं पातळ नीट केलं, पदर खोचला, जणू खरंच कुठं निघाली होती, आणि न सांगता नातीला व्हिडिओवर फोन लावला.

पारमिता दिसली ती केस अर्धे विंचरलेली. "आज्जी? काय झालं? बाबा बरे हायत न्हवं?"

"त्याला काय धाड भरलीय. मी घर बघायला आलोय."

"कुणाचं घर?"

"तुझ्या गावचं. चल बाहेर."

"आज्जी, आत्ता अकरा वाजलेत. एकला माझी ड्युटी हाय. उद्या सगळं नीट दाखवते की, उन्हात."

"उद्याचं नगं मला. हाय तसं दाव."

पारमितानं अंगात जाड कोट घातला आणि फोन पुढं धरून निघाली. रस्ता रुंद, फरशीचा, गाड्या नाहीत, आभाळ राखेच्या रंगाचं. गुणाबाई डोळे बारीक करून बघत होती. दुकानदार काच पुसत होता, त्यानं पारमिताकडं बघून मान हलवली. "हा वळखीचा?" "व्हय, पाववाला." "बरं. पुढं."

पुढं एक इमारत आली आणि गुणाबाई दचकून मागं सरली. भिंती लाटेसारख्या वाकलेल्या, खिडक्या तिरक्या, छप्पर खाली ओघळल्यासारखं.

"हे कुणी बांधलं? गवंडी पिऊन आलता काय?"

"मुद्दाम तसंच बांधलंय. वाकडं घर म्हणतात. लोक लांबनं बघायला येतात."

"आत कोण राहतं?"

"कोण न्हाय. दुकानं हायत."

"मग दरवाजे लागतात का नीट?"

पारमिताला एका वर्षात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तिलाही सुचला नव्हता. ती आत गेली आणि एक दरवाजा उघडून लावून दाखवला. तो नीट लागला. गुणाबाईनं हुंकार भरला. "गवंडी हुशार हाय. पण हे पाव्हण्याला दावायचं. पुढं."

रस्ता संपला तिथं समुद्र आला. डाव्या अंगाला तोच लाकडी रस्ता, पाण्यावर पांढरा, सरळ. "आज्जी, चल टोकापतुर जाऊ. अर्धा किलोमीटर हाय, सगळा लाकडाचा."

"पाण्यात लाकूड कुजत न्हाय?" तोंडातनं निघूनच गेलं.

"कुजतं. मग बदलतात."

"आणि टोकाला काय हाय?"

"चल की, दावते."

गुणाबाईची मान फोनकडं एवढी झुकली की पडद्यावर नुसतं कपाळ दिसायला लागलं. मग तिला फिरता पंखा आठवला आणि परसातली डाळिंबं. ती मागं सरली.

"आत्ता नगं. पाणी कुठं मिळतं तुमच्यात?"

"माझ्या पिशवीत बाटली हाय."

"तुझ्या बाटलीचं काय करू? गावचं पाणी."

पारमिता थांबली, विचार केला, आणि समुद्राकाठचं दीपगृह मागं टाकून बागेत शिरली. बागेत आळंब्याच्या छत्रीसारखं एक कारंजं उभं होतं आणि त्यावरनं पाणी झिरपत होतं. "हे जमिनीखालनं येतंय. खारट हाय. म्हातारी माणसं भोवती बसून वाफ घेतात. पितातबी थोडं, औषध म्हणून."

बाकावर एक म्हातारी बसली होती. लोकरी टोपी, पायाशी दोन भरलेल्या बाटल्या, हातात पत्र्याचा मग.

"तिच्याकडं पाणी माग," गुणाबाई म्हणाली.

"आज्जी, वेडी हायस काय. तिला मी वळखत न्हाय. नळ हाय की तिथं, मी घेते."

"नळाला कोण पसंत करायलंय? माग म्हटलं की माग. आणि फोन असा धर, तिचे हात दिसू देत."

पारमिताचे कान लाल झाले. ती म्हातारीजवळ गेली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. म्हातारीनं आधी तिच्याकडं बघितलं, मग फोनकडं, मग फोनातल्या बाईच्या कुंकवाविनाच्या मोठ्या कपाळाकडं. बेळगावात गुणाबाई पडद्याजवळ सरकली. दारावर भाजीवाला ओरडत होता, त्याला तिनं हातानंच गप्प केलं.

म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. नळाखाली मग धरला, आतनं बोट फिरवून विसळला, पाणी फेकलं. पुन्हा विसळला. मग भरून दोन्ही हातांनी पुढं केला. पारमिता ओठ लावून प्याली आणि तिचं तोंड असं वाकडं झालं की म्हातारी खो खो हसायला लागली. हसत हसत तिनं मग परत घेतला, उरलेलं पाणी त्याच मगातनं, त्याच काठाला तोंड लावून स्वतः पिऊन टाकलं, आणि तो न विसळताच पिशवीत टाकला.

गुणाबाई पडद्यातल्या त्या पिशवीकडं एकटक बघत राहिली. पदरानं नाक पुसलं.

"आज्जी? फोन अडकला काय?"

"न्हाय. लई खारट हाय?"

"समुद्रच पिल्यागत."

"त्या बाईला माझा जयभीम सांग."

"तिला काय कळणार हाय?"

"तू सांग, कळतंय न कळतंय ती बघंल. आणि सोमवारी त्या हॉटेलवाल्यांना राहते म्हण. तुझ्या बापाला मी सांगतो."

पारमितानं फोन खाली घेतला. कॅमेऱ्यात आता कोटाची बाही आणि थोडं आभाळ एवढंच दिसत होतं. "खरंच, आज्जी? कशावरनं?"

"कशावरनं ते तुझ्या पोरीचं घर बघायला जाशील तवा सांगीन." गुणाबाईनं फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि चष्मा पदरानं पुसून नाकावर चढवला. "रडत बसू नगं, तुझी ड्युटी हाय एकला. आता चल त्या लाकडी रस्त्यावर. टोकाला काय हाय ते दाव मला. आणि हळू चाल, मधलं काय चुकवू नगंस."