धागेवाल्याची तान

नदीकाठच्या दलदलीत दोन जातींचे वटवटे पक्षी राहतात. दोन्ही मातकट, दोन्ही मुठीत मावतील एवढे, आणि दोन्ही बोरूच्या आड दडून बसणार. फोटोवरून ओळखणाऱ्यांना मी लांबूनच हात जोडतो; फोटोत दोघे सख्खे भाऊ दिसतात. फरक फक्त गळ्यात. साधा वटवट्या 'चक चक' करून गप्प बसतो. दुसरा तेच 'चक चक' करतो आणि वर एक बारीक, लांबलचक तान ओढतो. म्हणून तो आमचा धागेवाला.

मी आयुष्यभर पाखरं कानानं मोजली. आधी पगारावर, निवृत्तीनंतर फुकट. कानाची मिजासही भरपूर केली.

गेले काही हंगाम मात्र धागेवाल्याचा पत्ता नव्हता. कचेरीतले साहेब म्हणाले, "तुमचा शब्द शेवटचा. नाही म्हणालात, तर त्याच्यासाठी ठेवलेली राखण उठेल." म्हणून आज सकाळी शेवटची फेरी.

ही गेल्यापासून घरात मी एकटाच. त्यात धागेवालाही गेला म्हटल्यावर फार पोरकं वाटत होतं. बांधावर बसलो. बोरूत 'चक चक' झालं. साधाच. परत 'चक चक'. साहेबांना कळवून टाकावं म्हणून मोबाईल काढला, तेवढ्यात मुलीचाच फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते, कामावर जाताना बस येईपर्यंत बोलते.

"बाबा, जेवता ना वेळेवर?"

"जेवतो गं."

"आणि तो गजर बंद करा आधी. कान किटले माझे."

"कसला गजर?"

"अहो, तुमच्या मागेच वाजतोय की! बारीक, किर्रर्र... ऐकू नाही येत?"

फोन तसाच धरून मी दुसऱ्या हातानं दुर्बीण लावली. बोरूच्या शेंड्यावर वटवट्या बसला होता. 'चक चक' मला ऐकू आलं. त्यानंतरही चोच उघडीच राहिली. गळा थरथरत होता.

"आता वाजतोय?"

"हो."

चोच मिटली.

"आता?"

"थांबला."

म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. तो इथेच होता, इतके दिवस माझ्यासमोर गात होता.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. फोन ठेवू नकोस. वाजला की नुसतं सांग."

"मला उशीर होतोय हो," ती म्हणाली, पण थांबली. "आता." मी गळा बघितला. "आता." मग तिची बस आली.

मी साहेबांना फोन लावला. "धागेवाला आहे. राखण उठवू नका."

"वा! ऐकलात ना?"

"नाही. माझ्या मुलीनं ऐकला. पुढच्या खेपेला दुसरं कुणीतरी पाठवा."

समोर चोच पुन्हा उघडली होती. ती मिटेपर्यंत मी बघत बसलो.