पाच बोटांची गोवरी

मी एक गोवरी. प्रेमिलाबाईंची पाच बोटं माझ्या पाठीवर उमटलेली होती, म्हणून मी इतके दिवस राहिले.

त्याआधी मी भद्रावतीकडच्या एका गायरानातलं गवत होते. त्याच्याही आधी ऊन. त्यातलं थोडंसंच गवतानं धरलं, बाकीचं माळावरून तसंच गेलं. गवत कबरी गाईनं खाल्लं.

"प्रेमिलाबाई, तुमची गाय दिवसभर चरते अन् दूध देते पावभर," गुरं राखणारा झिंगू म्हणायचा. "सारं जाते कुठी?"

"चालते, श्वास घेते, त्यात जाते. तू दोन येळा भात खाते, तुह्यं कुठी जाते ते सांग आधी!"

खरंच, बरंचसं कबरीचं अंग गरम ठेवण्यातच गेलं. उरलंसुरलं शेणात आलं. शेणकिडे पोचायच्या आत प्रेमिलाबाईंनी मला उचलून भिंतीवर थापलं.

उन्हाळ्यात कबरीला वाघानं मारलं. आधी तो जेवला, मग कोल्हे, मग मुंग्या. पावसाळ्यात प्रेमिलाबाई तापानं गेल्या. त्यांचा मुलगा हेमराज रडला नाही. बाकीच्या गोवऱ्या चुलीत गेल्या. मला त्यानं फळीवर ठेवलं. कधी कधी त्या बोटांच्या खळग्यांत स्वतःची बोटं ठेवून बसायचा. त्याची बोटं मोठी होती, बसायची नाहीत. मला काही वाटत नसे. त्यालाही वाटत नसावं.

पौषात त्याची बायको रीता बाळंत झाली. पाचव्या दिवशी अवकाळी पावसानं लाकडं भिजली, शेजाऱ्यांचीही. बाळाचे पाय गार पडले.

"कोरडं काई नाई का?" रीतानं विचारलं.

हेमराज फळीकडे बघत राहिला. "मायच्या हातची हाय ते."

"माय असती तं तिनंच कवाची जाळली असती. काऊन उभे हा तुमी?"

त्यानं मला अंगठ्याच्या बाजूनं मोडलं. बोटांचा तुकडा शेगडीत सगळ्यात शेवटी घातला. रीता हात शेकून बाळाच्या तळव्यांना लावत होती.

"पाय गरम लागून राह्यले. पाहा."

त्यानं पाय मुठीत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

आता मी राख आहे. जमलं तर मला गायरानात टाका. गवताला थोडं खत होईल. ऊब मात्र माझ्याकडे मागू नका. थोडी बाळाच्या तळव्यांत गेली, बाकीची छपराच्या कवेलूंच्या फटींतून वर गेली. ती परत येत नाही. गवताला ऊन नव्यानंच घ्यावं लागेल.