मनालीचा धावायचा पाय

मित्रांनो, मला हाड नाही, कातडी नाही, तरी मी पायच आहे. परळच्या एका कार्यशाळेत विनीतदादांनी कार्बनच्या कापडाचे पातळ थर राळेने एकावर एक चिकटवले, भट्टीत तापवले आणि मला बाकदार घडवलं. काळाचौकीच्या मनालीचा डावा पाय अपघातात गुडघ्याखालून गेला होता. मला बांधून ती पहिल्यांदा धावली, तेव्हा तिची आई मैदानाच्या कडेला मटकन खाली बसली आणि रडू लागली.

पुढे आम्ही कितीतरी मैदानं पालथी घातली. राज्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आली आणि अनुजाताई कार्यशाळेत आल्या. थरांच्या मध्ये किती ताण येतो, याचं गणित मांडणाऱ्या त्या इंजिनिअर. माझं माप घेऊन त्यांनी गणित केलं आणि टाचेजवळच्या कडेवर बोट ठेवलं.

"मधोमध थर एकमेकांना धरून असतात," त्या मनालीला म्हणाल्या. "कडेला धरायला पलीकडे कुणी नसतं. सगळी ओढ नुसत्या राळेवर येते. हा इथून सुटणार गं, आणि तेव्हा तू वेगात असशील."

मनालीने मला उलटसुलट करून पाहिलं. एक चीरसुद्धा नव्हती. गणित चुकलं तर, असं तिने विचारलं. चुकूही शकतं, हे ताईंनी सरळ सांगितलं. दुसरा पाय इतक्यात होणार नव्हता.

त्या दिवसांत मनाली धड जेवली नाही. मलाही चैन नव्हतं. आत खरंच काही सुटतंय की नुसता भास, माझं मलाच कळेना. अखेर चाचणीच्या सकाळी तिने नाव मागे घेतलं.

"ताई, याला मशीनवर लावा. मला बघायचंय."

धावताना पडतो तितका भार देऊन मशीन मला दाबत होतं, सोडत होतं. मी टिकलो, तर तिने निवड उगाच घालवली. नाही टिकलो, तर मीच संपलो. दुपार कलली तरी मी धड होतो. मनालीचे डोळे भरून आले, विनीतदादा दुसरीकडे बघू लागले. आणि कट्ट आवाज झाला. टाचेजवळ माझे थर फाकले होते.

मनालीने त्या फाकलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "नव्या पायात थर वेगळ्या क्रमाने लावाल ना, म्हणजे कडेवर एवढी ओढ येणार नाही?"

आता मी फळीवर असतो. खाली तो नवा पाय भट्टीत तापतोय आणि माझा जीव त्याच्यात अडकलाय. मित्रांनो, वरून चकचकीत दिसतो म्हणून कुणावर डोळे मिटून भार टाकू नका. एकदा वाकून त्याच्या कडा बघा.