नव्या व्हर्जनचं काय करायचं

माझ्या नवऱ्याला फोनवर बोलताना ऐकलंत तर म्हणाल, काय गोड माणूस आहे! एका विमा कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळणं हे त्याचं काम. तिथे कुणाचा माउस अडला, कुणी पासवर्ड विसरलं, की हा म्हणणार, "काही हरकत नाही मॅडम, घाई नाही, पुन्हा एकदा करून बघू." तोच माणूस घरी आला, की मी रिमोटचं चुकीचं बटण दाबलं तरी मी त्याची इस्टेट बुडवल्यासारखा चेहरा करतो. बाहेर वाटून वाटून सगळी साखर संपते, घरी येतो तो रिकामा डबा. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा मागून बोलते असं कुणी समजू नये.

त्याची थोरली बहीण, आमच्या ताई, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. ताईंना दिसत नाही. जन्मापासूनच असं नव्हतं. कॉलेज संपता संपता नजर अधू व्हायला लागली आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत पार गेली. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, धंद्याने घड्याळजी. माणूस इतका सावकाश की चहा निववून पिईपर्यंत दुसऱ्या चहाची वेळ व्हायची. या अण्णांनी अख्खा एक हिवाळा ताईंच्या शेजारी बसून त्यांना कॉम्प्युटर शिकवला. आधी स्वतः डोळे मिटून शिकले, मग त्यांना शिकवला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, ते बसवलं. त्याचा आवाज इतका एकसुरी, की ताईंनी त्याचं नाव ठेवलं मास्तर.

"आंधळा मागतो एक डोळा," ताई म्हणायच्या, "मला देवाने दोन नाही दिले, एक मास्तर दिला. फळ्याकडे तोंड करून बोलतो, पण खाडा करत नाही हो."

अण्णा गेले तेव्हा मास्तरनेच त्यांना सावरलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी पेपर वाचून दाखवायला मास्तर, बोलकी पुस्तकं शोधायला मास्तर. आणि काम होतं. एक संस्था जुन्या कामकरी माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करून जतन करते. त्यांच्या वेबसाइटवरून रेकॉर्डिंग यायचं आणि ताई ते ऐकून टाइप करून परत पाठवायच्या. दुपारच्या चहाला मी खाली गेले की त्या सांगायच्या, "आज माझ्याकडे एक दीपगृहाचे राखणदार आले होते. बायको रागावली की म्हणे वरचा दिवा पुसत बसायचे. दिवा लख्ख असायचा बघ नेहमी." कधी काच फुंकणारा यायचा, कधी युद्धात काम केलेली नर्स. सबंध दिवस घरात एकटी असणारी बाई, पण तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त पाहुणे. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

तर, एके दिवशी मास्तरने ताईंना सांगितलं की त्यांच्या ब्राउझरचं नवीन व्हर्जन आलं आहे. आता बसवायचं की नंतर? ताईंनी 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशी मास्तरने पुन्हा विचारलं. ताईंनी पुन्हा 'नंतर'. असं होता होता महिने गेले.

रविवारी ताई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या, तेव्हा विषय निघाला.

"ताई, टाकून घे ना ते एकदा," माझा नवरा ताटावरून मान वर न करता म्हणाला. "जुनं किती दिवस चालवणार? एकेक वेबसाइट बंद पडत जाईल तुझी."

"विचार करते," ताई म्हणाल्या.

"त्यात विचार कसला? एक बटण दाबायचं."

"बापू," ताई म्हणाल्या. लहानपणापासून म्हाताऱ्यासारखा गंभीर म्हणून त्या माझ्या नवऱ्याला बापू म्हणतात. "उद्या तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे मी हलवले, तर ती भाजीत मिठाऐवजी सोडा घालेल. तुला चालेल?"

"अगं, पण नवे डबे चांगले आहेत."

"असतील. मला ते कुठे आहेत हे शिकावं लागेल ना."

एवढं बोलणं झालं. त्याने एक सुस्कारा टाकला आणि भात घेतला. मलाही वाटलं, ताई जरा हट्टीच आहेत. नवं व्हर्जन टाकलं की जुनं जाणार होतं आणि मास्तरही बदलावा लागणार होता, कारण जुन्या मास्तरचं नव्याशी जमत नाही म्हणे. अण्णांनी बसवलेला तो आवाज; आम्ही समजलो की ताईंचा जीव त्यात अडकलाय. आमच्या मते प्रश्न मिटला. दुसऱ्याच्या मनाचं उत्तर आपणच देऊन टाकायचं आणि मोकळं व्हायचं, हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्यच आहे.

मग पेपर बंद झाला. तो ताईंच्या ब्राउझरमध्ये उघडेना. हे आम्हाला कळलं नाही, कारण ताईंनी सांगितलं नाही. एवढंच झालं, की मी चहाला गेले की त्या सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "काय म्हणतोय आजचा पेपर?" मी हेडलाइन सांगायचे. मला वाटायचं, माझ्याशी गप्पा मारायला निमित्त काढतायत. त्यानंतर बोलक्या पुस्तकांचं वाचनालय गेलं. मग दवाखान्याची वेळ घ्यायचं पान गेलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तूच फोन करून वेळ घेशील का गं? माझा घसा बसलाय." घसा ठणठणीत होता. मी फोन केला आणि विसरून गेले.

आणि एक दिवस त्यांनी काम सोडलं. "कान दमले आता," म्हणाल्या. "तसं संस्थेला कळवून टाकलं."

माझ्या नवऱ्याने समाधानाने मान हलवली. "बरं केलंस. किती राबायचं माणसाने? आराम कर."

ताई हसल्या. मलाही बरंच वाटलं, हे आज लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्याच आठवड्यात मी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले होते. ताईंची खिडकी तिकडेच उघडते. आतून मास्तरचा आवाज येत होता. "हे पान या व्हर्जनमध्ये उघडत नाही." थोडं थांबून परत, "हे पान या व्हर्जनमध्ये उघडत नाही." मग किल्ल्यांची टकटक आणि पुन्हा तेच वाक्य. मी हातातला ओला टॉवेल तसाच घेऊन आत गेले.

ताई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. माझी पावलं त्यांना लांबूनच ओळखू येतात, तरी त्यांनी हात उचलले नाहीत.

"ताई, हे कुठलं पान?"

"संस्थेचं. बघत होते, चुकून उघडतंय का."

"म्हणजे कान दमले नाहीत तुमचे."

"कान कशाने दमतात? एवढंच तर चांगलं आहे माझ्याकडे."

मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता नवं व्हर्जन टाकू, मी शिकवते. खरंच प्रयत्न केला. पण टाकण्याआधीच माझं घोडं पेंड खायला लागलं. माझी सगळी भाषा डोळ्यांची. तो वरचा कोपऱ्यातला निळा चौकोन, त्याच्या बाजूच्या तीन रेघा. ताई शांतपणे म्हणाल्या, "मला कोपरा नाही गं. मला कुठली किल्ली कितीदा दाबायची ते लागतं." ते मला ठाऊक नव्हतं. ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो वरच्या मजल्यावर राहत होता.

"मग बापूला सांगा ना! दोन-तीन महिने रोज थोडा वेळ बसला तर—"

"बसेल. नाही म्हणणार नाही."

"मग?"

ताईंनी मास्तरला गप्प केलं.

"फोन बदलला तेव्हा बसला होता तो माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "मी चुकले की आधी खुर्ची करकरायची, तो घड्याळाकडे वळायचा म्हणून. मग सुस्कारा. मग माझ्या हातातून फोन काढून घ्यायचा आणि स्वतःच करून परत द्यायचा. एक शब्द वाकडा बोलला नाही हो. बोलला असता तर मी पण चार सुनावले असते. सुस्काऱ्याला काय उत्तर द्यायचं?"

हातातल्या टॉवेलचं पाणी ताईंच्या फरशीवर गळत होतं.

"याला घड्याळ वाचायला मी शिकवलं," ताई म्हणाल्या. "किती दिवस लागले माहीत आहे? मोठा काटा, छोटा काटा, रोज उलटं सांगायचा. तेव्हा मला दिसत होतं. त्याच पोराच्या शेजारी बसून आता रोज ओझं व्हायचं? त्यापेक्षा म्हटलं, पानं जाऊ देत."

"आणि काम? ते राखणदार, नर्स?"

"ती माणसं फार आवडायची गं मला," ताई म्हणाल्या. "फार आवडायची."

नवऱ्याला सांगू नकोस म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी ते संध्याकाळपर्यंत पाळलं. तो कामावरून आल्या आल्या, बूट काढायच्या आधी, मी सगळं त्याच्या अंगावर ओतलं. जरा जास्तच ओतलं. विमा कंपनीच्या मॅडमना 'सावकाश' आणि सख्ख्या बहिणीला सुस्कारे, असलं बरंच काही.

"मी कधी सुस्कारे टाकतो?" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने एक टाकला. आम्हा दोघांनाही तो ऐकू आला. एरवी मी हसले असते. तो एक बूट पायात, एक हातात, असा दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं तिला अण्णांनी बसवलेला मास्तर सोडवत नाही."

"मलाही तेच वाटलं."

"विचारलं का नाही आपण?"

मी त्याच्या हातातला बूट घेऊन कोपऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीतून सुट्टी काढली. खाली गेला, ताईंच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ताई, टाकू या का नवं व्हर्जन?" मी वचन मोडलं हे ताईंना तिथेच कळलं असणार, पण त्या मला काही बोलल्या नाहीत. थोडा वेळ बोटं टेबलावर फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "टाक."

नवा मास्तर आला. त्याचा आवाज बाईचा आणि गोड आहे, ताईंना तो मुळीच आवडला नाही. पण पेपर उघडला. वाचनालय उघडलं. शेवटी संस्थेचं पान उघडलं आणि नव्या मास्तरबाईंनी गोड आवाजात वाचून दाखवलं, "आपल्यासाठी सध्या कोणतंही रेकॉर्डिंग नाही."

नवऱ्याने संस्थेत फोन लावला. त्याचा तो खास फोनवरचा आवाज मी कधी इतका केविलवाणा ऐकला नव्हता. पलीकडच्या बाई फार चांगल्या होत्या. म्हणाल्या, ताईंसारखं टाइपिंग आमच्याकडे कुणाचं नव्हतं. पण त्यांनी स्वतःच कळवलं की कान दमले, म्हणून आम्ही त्यांच्या जागी दुसऱ्यांना घेतलं. आता त्यांना काढणार कसं? व्हर्जनची अडचण होती हे तेव्हाच सांगितलं असतंत, तर आम्ही रेकॉर्डिंग घरी पोचवलं असतं.

नवऱ्याने फोन ठेवला. बाईंचं बोलणं ताईंना ऐकू गेलंच होतं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. खोटं कारण दिलं, ते त्यांनी खरं धरलं."

तेव्हापासून माझा नवरा रोज कामावरून आला की आधी खाली जातो. ताई शिकतायत. चुकतात, पुन्हा करतात. तो हाताची घडी घालून बसतो, त्यांच्या हातातलं काही काढून घेत नाही. मनगटावरचं घड्याळ वर घरीच काढून ठेवून जातो. मी एकदा चहा घेऊन गेले तर ताई त्याच किल्लीवर परत परत चुकत होत्या, आणि हा ओठ घट्ट मिटून, लाल चेहऱ्याने म्हणत होता, "काही हरकत नाही. घाई नाही. पुन्हा एकदा करून बघू."

ताईंची बोटं थांबली. त्या दिवशी धडा लवकर आटपला.

काल तो वर गेल्यावर मी कपबशा उचलायला मागे राहिले, तेव्हा ताई म्हणाल्या, "अगं, हा माझ्याशी असा बोलतो जसा मी त्याच्या कचेरीतली कुणी बाई आहे. श्वाससुद्धा जपून घेतो. मला ऐकू येतं ना, तो अडवून धरलेला. पूर्वी सुस्कारे टाकायचा, पण माझा भाऊ तरी होता."

मी कपबशा विसळल्या, पालथ्या घातल्या आणि वर आले. नवरा दारातच उभा होता, माझी वाट बघत.

"काय म्हणाली गं ताई?" त्याने विचारलं. "आज मी अजिबात चिडलो नाही. एकदासुद्धा नाही. तिच्या लक्षात आलं का?"

"आलं," मी म्हटलं.