पाणी पिण्यायोग्य आहे

ताई शहराच्या पाणीपुरवठा खात्यात पाणी तपासायची. एकवीस वर्षं तेच काम: टाक्यांवरून आलेल्या बाटल्या, बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर भाग आणि तारीख. तिचे यजमान शाळेत भूगोल शिकवत, म्हणून घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मास्तरांना एकच धास्ती: परदेशी कंपन्या आपलं बोलणं ऐकतात. त्यांनी घरातले दोन्ही फोन देऊन टाकले आणि देशी बनावटीचे आणले.

"आणि आपलंच सरकार ऐकत असलं तर?" ताईने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं.

"ऐकू दे की. ते काय परकं आहे? कर नाही त्याला डर कशाला?"

ताईला ते पटलं असंही नाही, नाही पटलं असंही नाही. तिला इतर कामं होती.

उन्हाळ्यात कालव्यापलीकडच्या भागातली बाटली नापास झाली. ताईने दुसरी मागवली, मग तिसरी. तिन्हींत मैल्याचे जंतू. साहेबांनी अहवाल ठेवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी फायलीत वेगळाच कागद लागला: पाणी पिण्यायोग्य आहे. खाली ताईची सही, ताईने न केलेली.

त्याच भागात तिची धाकटी बहीण राहायची, चार महिन्यांच्या लेकीला घेऊन. ताईने तिला फोन लावला.

"पाणी चांगलं खळखळून उकळ. बाळाच्या बाटल्यासुद्धा."

"अगं, पण पेपरात तर चांगलं आहे म्हणून आलंय."

"ते साहेबांचं पाणी. त्यांना पाणी आणि पाणचट यांतला फरक कळत नाही."

दोघी हसल्या. धाकटीने शेजारच्या चार घरांत सांगितलं.

बारा दिवसांनी दोन माणसं ताईच्या कचेरीत आली. सभ्य होती, एकाने तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. दुसरा कागद काढून वाचू लागला. पाणचटचा विनोद शब्दन्‌शब्द होता, पण त्याच्या तोंडून कुणालाच हसू आलं नसतं. मग मागच्या महिन्यांतलं फोनवरचं बोलणं निघालं. मास्तरांचं घोरणं. पिशवी काढावी लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते. आईच्या आजारपणात दादाने पाठ फिरवली ते. "इथे बाई रडतात," त्याने वाचलं आणि पान उलटलं.

ताईने नकळत पदर सारखा केला.

"अफवा पसरवली असं लिहून द्या," पहिला म्हणाला. "नाहीतर बहिणीलाही बोलवावं लागेल. तान्हं मूल आहे ना त्यांना?"

ताईने लिहून दिलं. दुसऱ्या दिवसापासून तिला बाटल्या धुवायला बसवलं.

"हे परक्यांचंच काम," मास्तर घरी म्हणाले. "त्यांनी ऐकलं आणि इकडे कळवलं."

"अहो, परक्यांनी ऐकून काय केलं असतं? त्यांना माझं टेबल काढून घेता आलं असतं? धाकटीचं घर कुठे आहे, त्यांना काय करायचंय?"

त्यानंतर मास्तर घरात हळू बोलू लागले, जेवताना मीठ मागायचं असलं तरी.

ताईने लिहून दिलं तरी धाकटी सुटली नाही. तिला त्या चार घरी जाऊन सांगावं लागलं की पाणी चांगलं आहे, ताईची चूक झाली. सोबत एक शिपाई होता. तिसऱ्या घरातली शिंपीण म्हणाली, "बरं झालं बाई. उकळत बसायचं नि निवायची वाट बघायची, जीव मेटाकुटीला आला होता."

तीन आठवड्यांनी शिंपिणीच्या सहा वर्षांच्या मुलीला जुलाब लागले. चौथ्या दिवशी दवाखान्यातच तिने प्राण सोडला.

ताई आणि धाकटी भेटायला गेल्या. शिंपिणीने ताईचा हात धरला. "तुम्ही पाण्याच्या खात्यात ना? पाण्याने तर नसेल ना हो झालं?"

धाकटीने मान खाली घातली. शेजारी आणखी दोन बायका बसल्या होत्या. कोण कोणाला काय सांगेल, ते ताईला कळेना.

"नाही हो," ताई म्हणाली. "पाणी चांगलं आहे."

घरी आल्यावर धाकटीने बाळासाठी पाणी चुलीवर चढवलं, आणि वाफ शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.