नाई पायलं

पिक्चर संपला, शाळेच्या हॉलमधले दिवे लागले, पोरं ओरडत बाहेर पळाली, तरी रागिणी सतरंजीवरून उठली नाही.

मनकर्णाबाई याच शाळेत खिचडी शिजवायची. भांडी घासून ती नातीला न्यायला आली होती, आणि दारात उभं राहून तिनेही शेवट पाहिला होता. पडद्यावरच्या पोराने आपल्या दोस्तावरचा चोरीचा आळ भर वर्गात खोटा ठरवला होता.

"चाल ना बाप्पा. घरी काई सैपाक नाई करा लागत का?"

"आजी, त्या पोरानं सांगतलं."

"पिक्चर हाये तो."

"मीनंबी पायलं होतं."

मनकर्णाबाईला ते ठाऊक होतं. दिवाळीआधी एका सरांचा मोबाईल रागिणीच्या मैत्रिणीच्या, आकांक्षाच्या दप्तरात सापडला होता. तो वर्गातल्याच शिवमने टाकला होता, आणि शिवम संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. रागिणीने घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा मनकर्णाबाईच म्हणाली होती, "तू काई पायलं नाई. मले त्याच शाळेत खिचडी शिजवा लागते."

हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा रागिणी म्हणाली, "मी नाई पायलं." आकांक्षाच्या बापाने लेकीचं नाव शाळेतून काढलं आणि तिला मोर्शीला मामाकडे धाडलं.

पिक्चरच्या दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई हेडमास्तरांच्या खोलीत गेली.

"साहेब, माह्या नातीनं पायलं होतं. मीच तिले बोलू देल्लं नाई."

"बघतो," हेडमास्तर म्हणाले.

सोमवारी चुलीवरच्या खिचडीच्या गंजापाशी दुसरी बाई होती.

मग आजी-नात दर्यापूरहून मोर्शीला गेल्या. आकांक्षा मामाच्या अंगणात संत्री निवडत बसली होती. चांगली एका ढिगात, डागी दुसऱ्यात. रागिणी तिच्याजवळ बसली.

"शाळेत पिक्चर दाखवला," ती म्हणाली. "एका पोरावर चोरीचा आळ येते. त्याच्या दोस्तानं पायलेलं असते, पण तो चूप बसते."

"मंग?"

"मंग सांगते."

"तवा तो आळ आलेला पोरगा शाळेतच असते का?"

मनकर्णाबाईने पदर खोचला, ढिगापाशी बसली आणि एक संत्रं उचललं.

"हे कोनत्या ढिगात टाकू, माय?"

आकांक्षाने वर पाहिलं नाही. "पाहा ना तुमीच, आजी. दिसते ना तुमाले."

मनकर्णाबाई ते संत्रं कितीतरी वेळ हातातच घेऊन बसली.