ड्वेनच्या नावाचा बिल्ला

आडनाव टाइप केलं, पुढे नंबर टाइप केला आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. मी खुर्चीतून अर्धा उठून स्वयंपाकघराकडे ओरडलो, की लागलं, मिळालं. चेला, म्हणजे माझी बायको, तव्यावर तोर्तिया उलटत होती. ती हात पुसत आली, माझ्या खांद्यावर हात टेकून वाकली, आणि मग तो हात हळूच काढून घेतला.

"एफ्राइन," ती म्हणाली, "हे काय केलंस तू?"

पडद्यावर दोन नावं होती. एफ्राइन बुस्तियोस. ड्वेन पेटिबोन.

ड्वेनला पुरून आठ आठवडे झाले होते.

आता हे तिकिटाचं प्रकरण कसं असतं ते सांगतो, म्हणजे मी केवढा गाढव आहे ते तुम्हाला नीट कळेल. आमच्या सॅन डिएगोत जुलैमध्ये कॉमिक्सचं जे कॉन, म्हणजे संमेलन, भरतं, त्याला लाखाच्या वर माणसं जातात आणि त्याच्या कितीतरी पट घरी बसून बोटं मोडतात. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी नऊला सगळे कॉम्प्युटरसमोर बसतात. पडद्यावर एक निळं चाक फिरत राहतं. कुणाचं चाक थांबेल ते नशिबावर. थांबलं की पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात स्वतःचं आणि आणखी एकाचं तिकीट घ्यायचं. आडनाव टाकायचं, सभासद नंबर टाकायचा, झालं. तिकीट म्हणजे गळ्यात घालायचा बिल्ला. त्यावर ज्याचं त्याचं नाव छापलेलं असतं आणि ते बदलून मिळत नाही. परत केला तर तो भलत्याच कुणाला तरी जातो.

आम्ही तिघं होतो. मी, ड्वेन आणि त्याची बायको लोर्ना. सतरा वर्षं आपापल्या घरी बसून तीन चाकं फिरवायचो. एकाचं थांबलं की दोघांची सोय व्हायची आणि तिसऱ्यासाठी जीव टांगणीला. यंदा दोघंच उरलो होतो. एक चाक थांबलं की संपलं. इतकं सोपं आम्हाला कधीच नव्हतं.

लोर्नाचा नंबर कागदावर लिहून मी समोर चिकटवला होता. पण आडनाव दोघांचं एकच. पेटिबोन लिहून झालं आणि बोटं आपली आपण ड्वेनच्या नंबराकडे वळली. स्वतःच्या बायकोचा फोन नंबर मला पाठ नाही, पण ड्वेनचा तो आठ आकडी नंबर मला झोपेतून उठवून विचारा.

लोर्नाला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान विनोद आहे, एफ्राइन," आणि फोन ठेवला.

कुणाचाच विश्वास बसला नाही. चेला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चर्चमधल्या बायकांनी मला बघून मान फिरवली. मी हॉटेलांच्या पोहण्याच्या तलावांचे पंप दुरुस्त करतो. तिथला पोऱ्यांचा मुकादमसुद्धा म्हणाला, की एफ्राइन, सगळ्याला काहीतरी सीमा असते. त्याचं चूक नव्हतं. माझी कीर्तीच तशी.

ड्वेन टपालखात्यात तीस वर्षं पत्रं निवडायचा. सहा फूट चार इंच उंच, पण वाकून चालायचा, लोकांच्या घरात आल्यासारखा. हवाईला गेलो होतो तेव्हा मी एका अख्ख्या नारळावर त्याचं नाव-पत्ता लिहून, तिकिटं चिकटवून तो पोस्टात टाकला. नारळ गडगडत नेमका त्याच्याच सरकत्या पट्ट्यावर, त्याच्याच पुढ्यात आला. महिनाभर त्याला सगळे नारळ म्हणत होते. एकदा कॉनच्या गर्दीत तो चुकला, तेव्हा मी चौकशीच्या खिडकीवर जाऊन घोषणा करवली, की ड्वेन नावाचं मूल हरवलंय, वय सेहेचाळीस, निळा शर्ट, आई वाट बघते आहे. तो आला, लाल झालेला, आणि त्या खिडकीतल्या मुलीचीच माफी मागितली. माझ्यावर कधी चिडला नाही. माझ्या विनोदांना त्याच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक मला परत मिळणार नाही.

त्याच्या मयताला लोक माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलेल, हसवेल. मी चर्चच्या पंख्याकडे बघत होतो. त्याचं बेअरिंग गेलं होतं. सगळा वेळ मी तेच ऐकलं.

तर लोर्ना. तिला कॉमिक्समधलं ओ की ठो कळत नाही. ती शाळेच्या कँटीनमध्ये जेवण वाढते आणि घरी आली की पाय वर करून बसते. कॉनला ती एकाच गोष्टीसाठी यायची. तिथे बर्नाडिन स्ट्रो नावाची एक म्हातारी चित्रकार टेबल मांडून बसते आणि शनिवारी दुपारी समोर बसणाऱ्याचं चित्र काढून देते, शाईनं, पाच मिनिटांत. ड्वेननं पहिल्याच वर्षी लोर्नाला तिच्यासमोर बसवलं. मग दर वर्षी. त्यांच्या घरात मोरीपासून झोपायच्या खोलीपर्यंतच्या बोळात सोळा लोर्ना ओळीनं टांगलेल्या आहेत. पहिली काळ्याभोर केसांची. एक वर्ष त्यांनाही तिकीट मिळालं नव्हतं. तिथे ड्वेननं रिकामी चौकट लावून ठेवली आहे, कारण खोटं कशाला दाखवायचं.

बर्नाडिनबाईंनी कळवलं होतं, की यंदाचं शेवटचं. हात थरथरतो. लोर्नाला ते चित्र हवं होतं. तिनं कुणाकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागितलं होतं. ऑक्टोबरातच मला म्हणाली होती, "एवढं एक जमव, कंपाद्रे." माझ्या धाकटीची ती धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकांना कंपाद्रे-कोमाद्रे म्हणतो.

आणि मी हे जमवलं.

जूनमध्ये टपालानं बिल्ले आले. ड्वेनचं पाकीट तिच्या दारात पडलं. मी जाऊन तिला तीन तोडगे सांगितले. एक, तू माझा बिल्ला घाल, मी बाहेर थांबतो. दोन, मागच्या बाजूला सामानाचे ट्रक लागतात, तिथला पहारेकरी माझ्या ओळखीचा आहे. तीन, चाकाच्या खुर्चीत बस, मी ढकलतो, खुर्चीकडे कुणी बघत नाही. ती भांडी विसळत होती. म्हणाली, खोटंच बोलायचं तर निदान घरातल्या नावानं बोलेन.

शनिवारी आम्ही ट्रॉलीनं, म्हणजे इथल्या ट्रामनं, गेलो. तिच्या गळ्यात ड्वेन पेटिबोन. मी कामाचा शर्ट घातला होता, हॉटेलचं चिन्ह असलेला, कारण गर्दीत त्याचा काय उपयोग होतो ते मला माहीत आहे. रुळांपाशी दर वर्षीची प्रवचनवाली मंडळी होती, आमच्यासाठी नरक कसा तापवून ठेवलाय ते भोंग्यातून सांगणारी. त्यांच्या शेजारी बेकन गुंडाळलेली हॉट डॉग विकणारी बाई. तिच्याकडे नरकवाल्यांपेक्षा जास्त गर्दी.

दाराशी पिवळ्या टी-शर्टातला एक माणूस मधूनच एखाद्याला थांबवून नाव ताडून बघत होता. मी त्याच्यासाठी पाच थापा तयार ठेवल्या होत्या. पाचही उत्तम. एकीत तर लोर्नाचा बाप आणि एक पैज होती. त्यानं लोर्नाला थांबवलं, बिल्ला बोटानं सरळ केला.

"ड्वेन?"

"हो," लोर्ना म्हणाली.

"चला पुढे."

एवढंच. माझ्या पाचही थापा खिशातच राहिल्या.

आत गेल्यावर मधल्या वाटेनं कधी जायचं नाही. मधे खेळणीवाले आहेत, तिथे माणूस शिरला की ते सोडतील तेव्हाच बाहेर. भिंतीकडेनं जायचं, पिशवी पोटावर घ्यायची, आणि शेजारच्या हॉटेलात दुसऱ्या मजल्यावर मेजवानीच्या खोलीमागे जे संडास आहेत तिथे सकाळीच जाऊन यायचं. हे सगळं मला ड्वेननं शिकवलं असं तुम्हाला वाटेल, पण नाही, हे मी त्याला शिकवलं. त्यानं मला रांगेत उभं राहायला शिकवलं. ते मला अजून येत नाही.

बर्नाडिनबाई फक्त चाळीस जण घेतात. बारा वाजता रांग धरतात, त्याआधी उभं राहू देत नाहीत. बाराला पाच कमी होते आणि आमच्यात आणि त्यांच्या टेबलात माणसांची भिंत होती, पंख लावलेली, तलवारी घेतलेली, एकानं तर अख्खा ड्रॅगन डोक्यावर बांधलेला. मी लोर्नाला म्हटलं, माझा कमरेचा पट्टा धर. मग कामावरचा आवाज काढला.

"पाणी, पाणी, पाइप फुटलाय, बाजू द्या, बूट सांभाळा."

लोक असे बाजूला झाले की बघत राहावं. ड्रॅगन दोन पायांवर उड्या मारत सरकला. पूर्वी मी हे करायचो तेव्हा मागे ड्वेन प्रत्येकाला सॉरी, सॉरी म्हणत यायचा आणि लोर्ना हसून हसून डोळे पुसायची. आज मागे कुणी काही बोललं नाही. पट्ट्यावर तिच्या हाताचं ओझं तेवढं होतं.

आम्ही एकोणचाळिसावे होतो. आमच्यामागे एक पोरगी आली आणि तिच्या हातात 'रांग इथे संपली' अशी पाटी दिली गेली.

मग चार तास. रांगेतली माणसं बिल्ला वाचून बोलतात. पुढच्या जोडप्यानं विचारलं, ड्वेन, पहिल्यांदाच का? लोर्ना म्हणाली, नाही, बरीच वर्षं येते. मागच्या पोरीनं तिला चिप्स दिले, घे ना ड्वेन. लोर्नानं घेतले. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिथे काय, कुणाचंही काहीही नाव असतं.

मला बधिर झाल्यासारखं झालं होतं, पायांना आणि वरही. काही सुचत नव्हतं म्हणून मी पुन्हा तेच सुरू केलं, की कोमाद्रे, आईशप्पथ, ती थट्टा नव्हती. पुढच्या माणसाच्या पाठीवर एक कापडी शेपूट होतं. लोर्ना त्याच्याकडे बघत होती.

"माझंही चाक थांबलं होतं," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. कुठलं चाक, म्हटलं.

"नोव्हेंबरात. तुझ्यानंतर पाचेक मिनिटांनी. मीसुद्धा आधी त्याचाच नंबर टाकला. माझा नंतर टाकणार होते." शेपूट एक पाऊल पुढे सरकलं, आम्हीही सरकलो. "तर पडद्यावर आलं, या सभासदाचं तिकीट आधीच घेतलेलं आहे."

"मग तुझं घ्यायचंस ना."

"घेणार होते. पंधरा मिनिटं होती की." तिनं चिप्सची पिशवी दुमडली, पुन्हा दुमडली. "पुढच्या पानावर गेले असते तर ते वाक्य गेलं असतं. म्हटलं, थोडं बघू. कुणीतरी त्याचं तिकीट काढलंय. म्हणजे तो यायचाय. बघत बसले आणि वेळ संपला."

मी हिशोब लावत होतो. म्हणजे मी फोन केला तेव्हा.

"तेव्हा मला माहीत होतं," ती म्हणाली.

"आठ महिने मी सगळ्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, कोमाद्रे. चेलानं मला बाहेरच्या खोलीत झोपवलं."

"खा. तो नारळ मी विसरलेले नाही. पूर्ण महिना तो डबा न खाता परत आणायचा, लाजेनं."

हे मला माहीत नव्हतं. ड्वेननं कधी सांगितलं नव्हतं. मी हसण्यासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. लोर्नानं माझ्याकडे बघितलं, मग पिशवीतला शेवटचा चिप्स काढून माझ्या हातावर ठेवला.

चार वाजून गेल्यावर आमचा नंबर आला. बर्नाडिनबाई फार वाळल्या होत्या. उजवा हात डाव्या हातानं धरून त्या ब्रश टेकवत होत्या. त्यांनी लोर्नाला ओळखलं नाही. सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं, की माझ्याकडे बघायचं नाही, लांब एक जागा धरायची आणि तिथेच बघायचं.

लोर्नानं डावीकडच्या खांबापाशी बघितलं. ड्वेन दर वर्षी तिथेच उभा राहायचा, तिची पर्स पोटाशी धरून. मी तिथे उभा राहणार होतो. दोन पावलं गेलोही. मग टेबलाच्या अलीकडेच थांबलो.

खांबापाशी पाऊलभर जागा मोकळी होती, पण शनिवारी दुपारी तिथे पाऊलभर जागा किती वेळ मोकळी राहणार. पुठ्ठ्याचं चिलखत घातलेला एक जाडा माणूस गर्दीतून ढकलला जाऊन तिथे येऊन अडकला. हातात अर्धा खाल्लेला प्रेट्झेल. मी त्याला हात करून हटवणार होतो. पण लोर्नाची नजर हलली नव्हती. ती तिथेच बघत होती.

त्या माणसाला थोड्या वेळानं ते जाणवलं. त्यानं मागे वळून बघितलं, तर खांब. पुन्हा तिच्याकडे बघितलं, मग चित्र काढणाऱ्या बाईंकडे. मग त्यानं तोंडातला घास गिळला, प्रेट्झेल पाठीमागे लपवला, आणि मागून माणसं ढकलत होती तरी चित्र पुरं होईपर्यंत ताठ उभा राहिला.